एका सहीची शेवंड

अहो, वर बघा! मी छपरावरची शेवंड बोलतेय, लॉबस्टर हो! बारा फुटी, लालभडक, फायबरची. हसू नका, माझ्या जिवावर बेतलंय.

इथे कॅनडात, नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर ऑड्री आणि वेंडेल शेवंडीचं सारण भरलेले पाव विकतात. वेंडेल होडीतून शेवंडी आणतो, ऑड्री दुकान सांभाळते. वेंडेल म्हणजे भोळा सांब. कुणाला नाही म्हणणं त्याला जमतच नाही. गेल्या मे महिन्यात पुतळे बनवणारा आला, "घ्या की," म्हणाला, आणि वेंडेलने दुकानाच्या नावाने माझ्या खरेदीच्या कागदावर सही ठोकली.

क्रेनने मला वर ठेवलं तेव्हा ऑड्री झारा घेऊनच बाहेर आली.

"हे काय ध्यान आणलंस?"

"जाहिरात गं!"

"मला विचारलंस? मी नाही सही केलेली. परत पाठव!"

रोज सूप प्यायला येणाऱ्या मुरिएलबाई जुन्या वकील. चमचा न थांबवता म्हणाल्या, "केलीस की. दुकानासाठी त्याने सही केली म्हणजे तूही केलीस. भागीदार म्हणतात ते यालाच."

"पण आमच्यात कागद कुठे झालाय?"

"धंदा दोघांचा, नफा दोघांचा. मग कागद हवाय कशाला?"

"बरं, मग माझी अर्धी मी कापून घेते!" आणि बयेने खरंच करवत आणली हो! माझ्या नांग्या लटपटल्या.

"ठेव ती!" मुरिएलबाई ओरडल्या. "अर्धी तुझी नाही. अख्खी दुकानाची आहे." देव त्यांना उदंड आयुष्य देवो.

आज सकाळी मात्र मिनी गोल्फवाला आला. त्याला मी विकत हवी. माझा बोगदा करणार म्हणे. चेंडू तोंडातून आत जाणार आणि... जाऊ दे, सांगवत नाही. वेंडेल समुद्रात होता. ऑड्रीचे डोळे चमकले.

"मुरिएलबाई, म्हणजे मी एकटीने सही केली तरी त्याचीही झाली?"

बाईंनी नाइलाजाने होकारार्थी मान हलवली.

ऑड्रीने पेन कागदाला टेकवलं आणि तशीच थांबली.

"मेल्याने मला विचारलं नव्हतं ना," ती पुटपुटली, "तेच फार लागलं होतं." मग पेन ठेवून गोल्फवाल्याला म्हणाली, "संध्याकाळी या. पार्टनरला विचारून सांगते."

भरून आलं हो मला! मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. विचारणार कुणाला? वेंडेलला!

ती बघा, संध्याकाळ झाली, त्याची होडी धक्क्याला लागतेय. गोल्फवाला हात पुढे करून तयारच उभा आहे. वेंडेल, राजा, आयुष्यात एकदा, फक्त एकदाच "नाही" म्हण रे!