थांबलेला वार

मी एक लाठी बोलतेय. किसनरावांनी मावळातल्या बांबूच्या बेटातून मला तोडून आणलं, विस्तवावर शेकून सरळ केलं, तेल पाजलं. भोसरीच्या जहीरभाईंनी आपल्या वर्कशॉपमध्ये माझ्या टोकांना पितळी कडी बसवली. किसनराव गेले आणि मी त्यांच्या लेकीच्या, कस्तुराबाईंच्या हाती आले.

बाईंची साठी उलटली, तरी पहाटेच्या सरावाला खाडा नाही. संध्याकाळी देवळामागच्या मैदानात त्या मुलींना शिकवतात. आधी मातीला नमस्कार, मगच लाठीला हात.

कितीतरी मुली आल्या, रील काढून गेल्या. स्वप्नाली टिकली. चाकणच्या कारखान्यातून सुटली की थेट मैदानात यायची. बाईंचा खांदा आखडला, तेव्हा त्यांनी मला तिच्या हाती दिलं.

कारखान्यात तिच्याच लाइनवर काम करणारा प्रज्वल तिच्या मागे लागला होता. नाही म्हणून सांगितलं, तरी बसथांब्यावर हजर. एका संध्याकाळी तो मैदानातच शिरला आणि तिचा हात धरून ओढू लागला. तिनं हिसका देऊन हात सोडवला. मी त्याच्या मनगटावर बसले, मग गुडघ्यावर. तो मातीत कोसळला.

पण तिनं मला पुन्हा उगारलं, नेमकं त्याच्या डोक्यावर. तिच्या तळव्यांचा घाम मला लागत होता. प्रज्वलनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मागून मुलींपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, "मार." मला स्वतःहून थांबता येत नाही. लाठीचं दुःख ते हेच.

बाई जवळ आल्या. त्यांनी मला धरलं नाही, तिलाही नाही.

"पडलेल्याला मारायचं न्हाई, पोरी. मी धरनार न्हाई. तुझं तुलाच थांबायचं हाय."

स्वप्नालीनं मुठी सैल केल्या. मग मी हळूहळू खाली आले. स्वप्नाली रडली, ती रागानं. तशाच दोघी पोलीस चौकीत गेल्या, तक्रार दिली. पुढं कंपनीनं प्रज्वलला काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी स्वप्नालीनं विचारलं, "बाई, तो परत आला तर?"

"तर परत पाड," बाई म्हणाल्या, "आन् परत थांब."

आता माझ्या अंगाला बारीक चीर गेलीय. एखाद्या पहाटे मोडेन. मोडले तर मला शोभेला भिंतीवर टांगू नका. नवा बांबू शेका, आणि पोरींना वार शिकवाल त्याच दिवशी तो आवरायलाही शिकवा.