फुलीबाईंनी पसंत केलेला कॅमेरा

दुकानातला एकही कॅमेरा आईच्या हातून धड सुटला नाही.

कॅमेरा घ्यायचा होता थोरलीला. पहिला, खराखुरा, हातात धरल्यावर कॅमेरा वाटेल असा. ती ग्रंथालयात नोकरी करायची आणि गेली काही वर्षं मोबाइलवर वाचकांचे फोटो काढायची. वाचता वाचता माणसाचा चेहरा सैल पडतो, ओठ नकळत हलतात, कपाळावरची आठी आपली आपण विरते, तेवढंच तिला हवं असायचं. परवानगी विचारूनच काढायची, पण विचारल्यावर लगेच नाही. माणूस पुन्हा पुस्तकात शिरून आपल्याला विसरेपर्यंत थांबायची. संध्याकाळच्या उजेडात मात्र मोबाइल हात टेकायचा आणि सगळे चेहरे मेणाचे करून टाकायचा. म्हणून तिने महिनोन्‌महिने वाचलं, चार जाणत्यांना विचारलं, आणि दुकानात जायचा दिवस ठरवला.

"मीही येते," असं आई म्हणाली नाही. ती चपला घालून दारात उभी राहिली.

आई उभा जन्म फरशांच्या कारखान्यात तपासणीला होती. भट्टीतून निघालेली फरशी डाव्या तळहातावर तोलून धरायची, उजव्या हाताच्या बोटाचं पेर तिच्यावर वाजवायचं आणि ऐकायचं. खणखणीत वाजली तर पुढे, बद्द वाजली तर खडूने फुली. डोळ्याला न दिसणारी चीर आईच्या कानाला ऐकू यायची, यात वाद नव्हता. कारखान्यात तिचं नावच फुलीबाई पडलं होतं. ती निवृत्त झाली, खडू सुटला, पण बोट काही सुटलं नाही. डॉक्टर, शेजारी, पडद्यांची कापडं, मुलांचे मित्र, सगळ्यांवर ते वाजायचं. थोरलीने एकदा एका माणसाला लग्न करायचं म्हणून घरी आणलं होतं. तो चहा पिऊन गेल्यावर आईने कप उचलता उचलता सांगितलं, "पोकळ आहे." पुढे काही झालं नाही. थोरलीनेच होऊ दिलं नाही. तो आता दुसऱ्या गावी दोन मुलींचा बाप आहे आणि अजिबात पोकळ नाही, असं ऐकिवात आहे.

दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. थोरली खालीच थांब म्हणेपर्यंत आई चढायला लागलीही होती. आई मधल्या वळणावर कठड्याला धरून थांबली, पण दम लागलाय हे कबूल करायच्या ऐवजी जिन्याच्या पायऱ्या सारख्या नाहीत असं म्हणाली. दुकानदार गोड बोलणारा होता. त्याने तिला खुर्ची दिली आणि थोरलीने सांगितलेला कॅमेरा काचेवर ठेवला. तो लहान होता, काळा, कोटाच्या खिशात मावेल एवढा. थोरलीने तो उचलला आणि तिच्या खांद्यांतला ताण उतरला. बटण दाबलं तर आवाजच आला नाही. पडद्यावर फोटो उमटला तेव्हा कुठे कळलं, की काढला.

आईने तो हातातून घेतला, कानाशी नेला आणि टिचकी मारली.

दुकानदार हसला. आजी, हे मडकं नाही, असं काहीसं म्हणाला.

"आजी कुणाची?" आई म्हणाली. "आणि मडकं असतं तर तुम्ही विकायला ठेवलंच नसतं. एका टिचकीत पितळ उघडं पडलं असतं."

मग काय, वाजवायचा कार्यक्रम सुरू झाला. एकाचं चाक ढिलं, एकाच्या पट्ट्याची कडी हलते, एकाचं झाकण नीट मिटत नाही. गंमत म्हणजे त्यातलं एकही खोटं नव्हतं. दुकानदाराचं हसू हळूहळू आटत गेलं. शेवटी त्याने वैतागून वरच्या फळीवरचा एक धिप्पाड कॅमेरा काढला, आतमध्ये आरसा असलेला, जुन्या घडणीचा. आईने बटण दाबलं. खाडकन आवाज झाला आणि पलीकडचं गिऱ्हाईक मागे वळलं.

"हा बघ," आई म्हणाली. "हा वाजतो."

आईला वाटलं, जे वाजतं ते अखंड. फरशीच्या बाबतीत ते खरंच होतं. थोरलीला नेमका न वाजणारा हवा होता, आणि का हवा होता ते सांगायला तिच्याकडे एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलं. मग ती नेहमीसारखीच म्हणाली, "जाऊ दे, नंतर बघू."

घरी येताना आईने तिचा दंड धरला होता. "घाई करू नकोस," ती म्हणाली, अगदी मायेने. "तुला पारख नाही, म्हणून म्हणते. मनाला लावून घेऊ नकोस."

थोरलीने मनाला लावून घेतलं. रात्री जेवताना ती दोनच शब्द बोलली, तेही मीठ मागायला. सकाळी आई आंघोळीला गेलेली असतानाच ती कामावर निघून गेली. आणि त्याच दुपारी आई खुर्चीत बसल्या बसल्या गेली. शेजारीण वाटी परत द्यायला आली होती, तिने हाक मारली, पुन्हा मारली, आणि मग ग्रंथालयात फोन केला.

पुढचे दिवस माणसांनी भरलेले होते. परगावी राहणारा धाकटा भाऊ आला, मावशी राहायला आली, कारखान्यातली जुनी माणसं येऊन गेली. जो तो आईचे गुण गात होता. कामगारांच्या माना जिच्या एका फुलीने खाली जायच्या, ती आता सगळ्यांची माउली झाली होती. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं थोरलीच्या मनात आलं. आपल्या आईबद्दल आपल्या मनात हे यावं, याने ती चरकली आणि चहाचे कप विसळायला उठून गेली. तिला रडू येत नव्हतं. तिला राग येत होता, आणि तो ठेवायला घरात जागा नव्हती. दुःखाला लोक खुर्ची देतात, पाणी देतात, पाठीवरून हात फिरवतात. रागाला कुणी बस म्हणत नाही.

माणसांची ये-जा ओसरली आणि एके सकाळी आईचा मोबाइल वाजला. मावशीने उचलला. बहीण गेल्याचं तिने पलीकडच्या माणसाला सांगितलं.

फोन कॅमेऱ्याच्या दुकानातून होता. बाई परत आल्या होत्या, दुकानदार सांगत होता, दुसऱ्याच दिवशी सकाळी, एकट्या. तो मोठा कॅमेरा दाखवायला ठेवलेला होता, म्हणून त्यांनी कोरा मागवून घ्यायला सांगितला, पैसे भरले आणि मुलीला यातलं काही सांगू नका असं बजावलं. कॅमेरा आलाय, केव्हाही घेऊन जा.

मावशीने रडत रडत हे सगळ्यांना सांगितलं. धाकटा तोंड फिरवून खिडकीशी गेला. "ताई," तो तिथूनच म्हणाला, "ज्या दिवशी गेली त्या दिवशीसुद्धा ती तुझ्यासाठी जिने चढली गं."

तो हे प्रेमाने बोलला. पण ते वाक्य थोरलीच्या अंगावर असं पडलं, की तिला काही क्षण समोरची भिंत दिसेना. डॉक्टरांनी आईला जिने बंद केले होते. औषधांच्या पिशवीवर ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, थोरलीनेच लिहिलेलं. म्हणजे आई थांबत थांबत, कठडा धरून पुन्हा ते दोन मजले चढली होती, आणि कशासाठी, तर थोरलीने न मागितलेली वस्तू थोरलीच्या गळ्यात घालण्यासाठी. मरता मरतासुद्धा तिने आपलंच खरं केलं होतं. आणि आता त्याला नाही म्हणायची सोय ठेवली नव्हती. जिवंत आईला नाही म्हणणं थोरलीला कधी जमलं नव्हतं. मेलेल्या आईला नाही म्हणणाऱ्या मुलीला तर लोक काय म्हणतील, ते विचारायलाच नको.

मावशीने तिचा चेहरा पाहिला आणि तिला वाटलं, पोरीला आता तरी हुंदका फुटतोय. ती तिला जवळ घेऊन म्हणाली, "पदरी पडलं पवित्र झालं, बाई. तिची शेवटची इच्छा समज."

कॅमेरा आणायला तिघंही गेली. जिना चढताना मधल्या वळणावर थोरलीने कठड्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. दुकानदाराने दुखवट्याचे दोन शब्द नीट, मनापासून म्हटले. तीच खुर्ची पुढे केली, तिच्यावर मावशी बसली. मग त्याने खोका उघडला, भिंग बसवलं आणि तो धिप्पाड कॅमेरा दोन्ही हातांनी थोरलीपुढे धरला.

चांगला होता. थोरलीने प्रामाणिकपणे तपासला, कारण तपासल्याशिवाय नाव ठेवायचं नाही हे तिला याच घराने शिकवलं होतं. बांधणी भक्कम, भिंग स्वच्छ, कुठे काही हलत नव्हतं. फक्त पकड मोठी होती. तिची बोटं बटणापर्यंत ताणूनच पोचत होती. आईचा पंजा रुंद होता, फरशी तोलून तोलून झालेला. आईने तो आपल्या हातात धरून पाहिला होता आणि तिला तो बरोबर बसला होता.

थोरलीने कॅमेरा डोळ्याला लावला. समोर मावशी होती. घडीभरापूर्वी मावशी खुर्चीत पोतं टाकावं तशी बसली होती, मान कलती, नजर जमिनीवर, बहीण गेलेल्या बाईचा उघडा चेहरा. ते भलंमोठं भिंग आपल्याकडे वळलेलं दिसताच ती सावरून बसली, केस सारखे केले आणि तोंडावर फोटोचं हसू आणलं. खाडकन आवाज झाला. मावशी दचकली, मग आणखी ताठ बसली. थोरलीने धाकट्याकडे वळवला, तर त्याने पोट आत घेतलं.

तिने कॅमेरा खाली केला. या आवाजानंतर ग्रंथालयातला एकही वाचक आपल्याला विसरणार नाही, हे तिला कळलं. हा कॅमेरा हातात असेपर्यंत जग तिच्यापुढे असंच ताठ बसणार होतं, आईपुढे बसायचं तसं, आता फुली पडते की काय अशा चेहऱ्याने.

"त्या दिवशी पाहिलेला तो लहान कॅमेरा," ती दुकानदाराला म्हणाली, "आहे का अजून?"

दुकानदार आहे म्हणाला, बदलून द्यायलाही हरकत नाही म्हणाला, आणि मग घुटमळत मावशीकडे बघू लागला. मावशीचं हसू उतरलं होतं. सख्ख्या आईने जीव पणाला लावून पसंत केलेली वस्तू परत करायची भाषा दुकानात, परक्या माणसापुढे, शोभत नाही, असं ती हळू आवाजात पण भराभर बोलत राहिली. धाकट्याने मध्ये पडून तडजोड काढली. तो लहानपणापासून या घरात तडजोडीच काढत आला होता.

"घेऊन तर टाक ताई," तो म्हणाला. "नाही वापरला तर ठेव कपाटात. आईला कुठे कळणार आहे?"

कपाटात तर सगळंच होतं. आईने पसंत केलेला कोट, आईने पसंत केलेल्या चादरी, आईच्या पसंतीचं घड्याळ, न वापरलेलं आणि न परतवलेलं. थोरली प्रत्येक वेळी "छान आहे" म्हणाली होती आणि प्रत्येक वेळी कपाटाचं दार लोटलं होतं. त्या "छान आहे"वर मात्र आईच्या कानाने कधी शंका घेतली नाही.

थोरलीने कॅमेरा काचेवर ठेवला.

"नको," ती म्हणाली.

मावशी काही बोलायला गेली, पण थोरली तिच्याकडे बघत नव्हती. धाकट्याकडेही नाही. ती त्या कॅमेऱ्याकडे बघत होती आणि तिचा आवाज ग्रंथालयातल्या माणसाचा राहिला नव्हता.

"आई, मला हा नको. चांगला आहे, तू नीट बघून घेतलास, सगळं कबूल. पण मला नको. मला न वाजणारा हवाय. तुझ्या कानाला तो पोकळ लागला तर लागू दे, फोटो मी काढणार आहे. तू मला विचारलं का नाहीस? कधीच का नाही विचारलंस? आणि ते जिने चढायला कुणी सांगितलं होतं तुला? मी नव्हतं सांगितलं. मी कामावरून घरी येणार होते, आपण भांडलो असतो, मी पहिल्यांदा तुझ्याशी धड भांडले असते. तेवढंही ठेवलं नाहीस तू माझ्यासाठी. मला राग आलाय तुझा, आई. मला तुझा फार राग आलाय."