कानाजवळचे दोन डायोड

मित्रांनो, तांदळाच्या दाण्याएवढं काचेचं अंग, दोन टोकांना तारेचे दोन पाय आणि एका टोकाला काळा पट्टा, एवढाच मी. जुना डायोड आहे. गेली कित्येक वर्षं एका हेडफोनच्या पोटात राहतो. शेजारी माझा जुळा भाऊ आहे.

कारखान्यात सिलिकॉनचा बारीक तुकडा काचेत बंद करून मला बनवलं. माझ्यातून वीज एकाच दिशेने जाते, पट्ट्याच्या बाजूला. तीही सहजासहजी नाही. अर्ध्या व्होल्टपेक्षा थोडा जास्त जोर लागला, तरच मी दार उघडतो. त्याखाली मी असून नसल्यासारखा.

मला एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने विकत घेतलं. त्याची बायको मोठ्या इस्पितळात टेलिफोनच्या बोर्डावर बसायची. कुठल्या मजल्यावर कोण अत्यवस्थ आहे, कोणत्या डॉक्टरांना बोलवायचंय, सगळं तिच्या कानातून जायचं. बोर्ड जुना होता. लाइन जोडताना मधूनच कानात खट्ट व्हायचं, थोबाडीत बसल्यासारखं. तिचा उजवा कान सतत गुणगुणायला लागला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर कान जाईल. कान गेला की बोर्डही गेला, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"गावभरचे रेडिओ नीट करता," ती नवऱ्याला म्हणाली, "घरातला एक कान तेवढा बघा."

त्याने हेडफोन उघडला. वाटेत विजेला थोडी अडवणारा एक रेझिस्टर घातला आणि आम्हा दोघांना आवाजाच्या दोन तारांमध्ये आडवं जोडलं.

आमचं काम सोपं आहे. तारेतला आवाज म्हणजे विजेची लाट, वर-खाली होणारी. बोलण्याची लाट लहान असते. ती आमच्या मर्यादेला पोचत नाही आणि सरळ कानात जाते. खट्टची लाट उंच. ती मर्यादेपलीकडे गेली की आम्ही दार उघडतो आणि जास्तीची वीज कानाकडे न जाता आमच्यातून परस्पर निघून जाते. लाटेचं टोक कापलं जातं. याला क्लिपिंग म्हणतात. आमचा एक भाऊबंद जुन्या टीव्हीत असायचा, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरच्या जोडीने. तो काही कापायचा नाही. अख्खी लाट आहे तशी उचलून वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेऊन ठेवायचा. ते क्लॅम्पिंग.

पहिल्याच संध्याकाळी ती घरी येऊन म्हणाली, "अहो, अर्धंच खट्ट गेलंय."

"अर्धं कसं जाईल? गेलं तर सगळं जाईल."

"कान माझा आहे की तुमचा?"

त्याने पुन्हा झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. दुकानात सगळे सुटे भाग एका दिशेला तोंड करून ओळीने मांडायची त्याची सवय. आम्हालाही त्याने तसंच बसवलं होतं, दोघांचे पट्टे एकाच बाजूला. त्यामुळे लाटेचा वरचा भाग आम्ही दोघं मिळून कापत होतो आणि खालचा भाग बिनधास्त कानात घुसत होता.

"चपलांसारखे मांडलेत होय?" ती हसली. "तुमच्या शर्टांची तोंडंसुद्धा एकीकडेच असतात."

त्याने मला उलटं बसवलं. तेव्हापासून वरचं टोक भावाकडे, खालचं माझ्याकडे. कानाची गुणगुण हळूहळू कमी झाली. निवृत्त होईपर्यंत ती बोर्डावर बसली. नव्या मुलींना सांगायची, "माझ्या कानाला दोन राखणदार आहेत." आमचं कौतुक झालं ते एवढंच.

पुढे नवा बोर्ड आला. जुना हेडफोन ती घरी घेऊन आली. काही वर्षांनी ती गेली. आम्ही कपाटात पडून राहिलो.

एक दिवस त्याने आम्हाला बाहेर काढलं आणि रेडिओला जोडलं. घर फार शांत झालं होतं. त्याने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. आता साध्या बोलण्याची लाटही मर्यादेबाहेर गेली, आणि आम्ही एकूण एक लाट कापू लागलो. कापलेलं टोक पुन्हा जोडता येत नाही. बातम्या देणारा तोंडात बोळा कोंबून बोलतोय असं वाटायला लागलं.

मुलीने येऊन त्याच्या खांद्याला हात लावला. "बाबा, किती वेळ हाक मारतेय."

"हेडफोन बिघडलाय. आवाज फाटतोय."

त्याने झाकण उघडलं. आम्ही दोघं विरुद्ध तोंडं करून बसलेलो दिसलो.

"ते दोन काढून टाका ना," मुलगी म्हणाली. "मग येईल मोठा आवाज."

त्याने तारांचे डाग वितळवायचं सोल्डरिंग आयर्न तापवलं. टोक माझ्या पायाजवळ आणलं. मला धग लागली. मग तो थांबला.

"मी हे चुकीचे बसवले होते," तो म्हणाला. "तुझ्या आईने नीट करून घेतले."

त्याने आयर्न बाजूला ठेवलं, झाकण लावलं आणि बटण बरंच मागे आणलं. लाटा आमच्या मर्यादेच्या आत आल्या. आम्ही दारं बंद केली. शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येऊ लागला.

"हं," तो मुलीला म्हणाला. "काय सांगत होतीस?"

मित्रांनो, आवाज फाटायला लागला तर आधी बटण थोडं मागे फिरवून बघा. आणि कानांना जपा. आम्हाला टोक कापता येतं, गेलेला कान परत आणता येत नाही.

तो आता रोज संध्याकाळी रेडिओ ऐकतो. हेडफोन एकाच कानावर लावतो. दुसरा कान मुलीसाठी मोकळा असतो.