कपाळावरचा हिरवा दिवा

मॅनेजरसाहेबांच्या कपाळावरच्या पट्टीतला दिवा हिरवा झाला, तेव्हा पट्टीखालून घामाचा एक थेंब ओघळून डाव्या भुवईत अडकला होता. मी थेंब पाहत होते. हॉलमधले बाकीचे ऐंशी जण दिवा पाहत होते आणि टाळ्या पिटत होते.

"अर्ध्या तासापूर्वी हाच मेंदू लाल होता!" प्रशिक्षणासाठी बोलावलेले मेंदूगुरू माइकमध्ये गरजले. "आता पेशीपेशीत प्रेरणा उसळतेय! डोपामाइनचे दरवाजे सताड उघडलेत! नेतृत्व खुर्चीत नसतं मित्रांनो, कपाळात असतं!"

त्या अर्ध्या तासात उड्या झाल्या, आरोळ्या झाल्या, 'मी ज्वालामुखी आहे' हे वाक्य शंभरदा म्हणून झालं. पंखे बंद, वाऱ्याने म्हणे मेंदूलहरी विस्कटतात. आधी लाल असलेले सगळे विभागप्रमुख एकेक करून हिरवे झाले. राहिल्या फक्त ताई.

आमचा कारखाना पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांचा; मी तिथल्या प्रयोगशाळेत. दमट हवेने गोळ्या बिघडतात, म्हणून पॅकिंगच्या खोलीतली हवा यंत्राने कोरडी ठेवतात. तिथे सलग चार तास उभं राहिलं की ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात. ताई त्या खोलीच्या एकोणीस वर्षं प्रमुख. माणसांना दर दोन तासांनी थोडा वेळ बाहेर येऊ द्या, हा त्यांचा अर्ज साहेबांच्या टेबलावर सात महिने पडून होता. 'बघू' हा त्यावरचा एकमेव शेरा.

"ताई, पुन्हा लाल." गुरूंनी सुस्कारा सोडला.

"अहो, गुडघा सुजलाय माझा. उड्या कशा मारू?"

"गुडघा नाही ताई, तुमच्यातला नकार सुजलाय!" हॉल हसला. "साहेब, असा मेंदू वर बसला की खालचे वीस मेंदू करपतात. आजच माणूस बदला."

साहेबांनी मान डोलावली. ताईंनी पट्टी काढून गुरूंच्या हातात दिली आणि पदर सारखा केला.

मी उठले, बेसिनवरचा ओला स्पंज घेतला आणि स्टेजवर गेले. "एक उमेदवार राहिलाय. पट्टी देता?"

गुरू बावचळले; तेवढ्यात मी ती घेतलीही. पट्टीच्या आत धातूची दोन बटणं होती. ती स्पंजावर दाबली. दिवा हिरवागार.

"घ्या, नवे विभागप्रमुख!" मागून कोणीतरी ओरडलं.

"स्पंजात... आसपासच्यांची ऊर्जा शिरलीय," गुरू म्हणाले.

"मग पिळून काढू या," असं म्हणून मी स्पंज रुमालावर पिळला, तो ओला रुमाल ताईंच्या कपाळावर फिरवला आणि पट्टी बांधली. हिरवा. साहेबांची पट्टी सोडून कपाळ कोरडं पुसलं, वर पर्समधली थोडी पावडर लावली आणि पट्टी पुन्हा बांधली. लाल.

"अगं बाई, साहेबांचा ज्वालामुखी विझला!" पॅकिंगमधली एकजण म्हणाली, आणि या वेळी हसू आवरणं कोणालाच जमलं नाही.

मी माइक घेतला नाही, तसंच सांगितलं. "या दोन बटणांमधून अगदी बारीक वीज जाते. कातडी ओली असली की सहज जाते, कोरडी असली की अडते. ही पट्टी घाम ओळखते. मेंदूपर्यंत ती पोचतच नाही."

"म्हणजे मेंदूचं शास्त्र थापा?" साहेबांनी विचारलं. आवाजात राग होता, पण प्रश्न खरा होता.

"शास्त्र खरं आहे, साहेब. थकलेल्या मेंदूचं लक्ष उडतं, चुका वाढतात. आपलं कोणी ऐकत नाही असं वाटलं की माणसाचा कामातला रस जातो. हे मोजायला दिवा लागत नाही. विचारायचं, आणि उत्तर मिळालं की ऐकायचं. कोणी यंत्र दाखवून माणसाची पारख करू लागला, तर ते यंत्र आधी स्पंजाला लावून पाहा."

गुरू वायरी गोळा करू लागले होते.

"मला कोणी विचारलंच नाही," ताई हळूच म्हणाल्या. "मीच लिहून दिलं होतं. सात महिने झाले."

साहेबांनी कपाळावरची पट्टी सोडली, टेबलावर ठेवली, पुन्हा उचलून थोडी लांब ठेवली. मग ऐंशी जणांसमोर, घसा खाकरून ते म्हणाले,

"ताई आहेत तिथेच राहतील. आणि उद्यापासून कोरड्या खोलीतली माणसं दर दोन तासांनी वीस मिनिटं बाहेर."