मराठीत सांग

आमच्या घरात एक नियम आहे आणि तो माझा आहे: उंबरठ्याच्या आत हिंदी चालणार नाही. घमापुरात चारी बाजूंनी हिंदी, आजोबांनी टिकवलेली भाषा मी कशी सोडू? मुलीने हिंदीत तोंड उघडलं की मी म्हणायचो, मराठीत सांग. तोवर ऐकायचोच नाही. पाहुण्यांपुढे हे कौतुकाने मिरवायचो, वर.

तीन आठवड्यांपूर्वी यामिनी नागपूरहून, सासरहून, एक बॅग घेऊन आली. तेव्हापासून काही बोलेना. हेमलताने, माझ्या बायकोने, गोंजारून विचारलं. मी रागावून विचारलं. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मीच जावयाला फोन केला, या आणि घेऊन जा.

आज सकाळी अकराला त्याचा फोन आला. गावाबाहेरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडला होता, म्हणजे घरी पोचायला फार तर अर्धा तास. यामिनी पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं.

"पापा, मुझे वहाँ मत भेजो."

"मराठीत..." माझ्या तोंडून निघालंच.

तिने ओठ मिटले. असे मिटलेले ओठ मी तिच्या लहानपणापासून बघत आलो आणि त्याला शिस्त म्हणत आलो. अर्ध्या तासात ती गाडीत बसणार होती आणि काहून आली ते मला ठाऊक नव्हतं. मी तिच्यासमोर फरशीवर बसलो, हात जोडले.

"बेटा, हिंदी में बोल. जैसे आए वैसे बोल. मी मधात बोलणार नाही."

ती बोलली. तो कशाने मारतो, सासू तेव्हा टीव्हीचा आवाज कसा वाढवते, सगळं. मी तोंडावर हात दाबून धरला होता. ओरडावंसं वाटत होतं, तरी नाही ओरडलो.

बाहेर गाडी थांबली. मी उठून दाराला आतून कडी घातली.

"इतके दिवस काहून नाही सांगितलं गं?" हेमलता रडून राहिली होती.

"दिवाली में बताया था. पापा को. फोन पे."

तो फोन मला चांगला आठवला. मराठीत सांग, असं मी हसत म्हटलं होतं, आणि ती गप्प झाल्यावर आशीर्वाद देऊन ठेवून दिला होता.

बेल वाजत होती. तिने त्या दिवशी काय सांगितलं होतं, ते मला काही केल्या आठवेना.