अहवाल वाचवणाऱ्याचा सत्कार

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. काळाचौकीच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, माळ्याखाली जी चिंचोळी जागा उरते तिथे माझं टेबल आहे. एका बाजूला देव्हारा, दुसऱ्या बाजूला फ्रिज. माझा डबा पिवळा पडलाय आणि पंखा सुरू झाला की शेजारचे विचारतात, मिक्सर लावला का म्हणून. पण म्हातारपणाचं रडगाणं मी गाणार नाही. मला एक गोष्ट खुपते आहे, ती तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म काही मोठ्या कारखान्यात झाला नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात एका माणसाने निरनिराळ्या खोक्यांतून माझे अवयव काढले, स्क्रू पिळले आणि मला उभं केलं. मग त्याने माझ्यात प्रणाली भरली. माणसाला जसा स्वभाव, तशी संगणकाला प्रणाली. माझ्यात भरली ती अगदी सगळीकडे असते तीच. तिचं नाव घेत नाही, तुम्ही ओळखालच.

मला घरी आणलं सुचित्रा घाडी हिने. गिरगावातल्या एका छापखान्यात ती मराठी अक्षरजुळणी करायची. छापखाना बंद झाला तेव्हा तिने घरातच काम मांडलं. दादरच्या एका लहानशा कंपनीचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम तिने माझ्यात घालून घेतला. चाळ तिला मावशी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, बाराव्या-तेराव्याचे निरोप, सगळं तिच्या हातून माझ्यात उतरायचं. आणि वर्षातून एकदा मंडळाचा अहवाल. गणपतीत आमचं मंडळ एक पुस्तिका काढतं. वर्षभरातली कामं, जाहिराती, गेलेल्या माणसांचे फोटो, असं सगळं त्यात असतं. शेवटच्या पानावर, अगदी तळाला, एक बारीक ओळ असायची: अक्षरजुळणी, सुचित्रा घाडी. पुस्तिका छापून आली की मावशी आधी ते पान उघडायची. लोक म्हणायचे, तुझ्या हातात जादू आहे. मीही तेव्हा मनातल्या मनात कॉलर ताठ करून घ्यायचो.

आता माझ्या स्वभावाचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. मला अधूनमधून कुठून तरी हुकूम येतात, स्वतःला अद्ययावत कर म्हणून. हुकूम आला की समोर कोण बसलंय, काय चाललंय, काही न बघता मी बंद होऊन पुन्हा सुरू होतो. यंदा ऐन श्रावणात मावशी अहवालाची पानं लावत होती. कुकरची शिट्टी झाली म्हणून ती गॅसपाशी गेली, आणि मी तेवढ्यात बंद झालो. तिचं दुपारभराचं काम गेलं. परत येऊन तिने पाहिलं, तर पानं कोरी. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिने पदराला हात पुसले आणि भाच्याला फोन लावला.

हा भाचा म्हणजे रूपेश, तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. राहतो नायगावला, परळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर बनवतो. मावशीवर त्याचा फार जीव. माझ्यावर मात्र त्याचा दात. रविवारी आला आणि चपला काढता काढताच सुरू झाला.

"मावशी, ह्याच्याएवढा डोक्याला शॉट कोण नाय बघ. ऑफिसात मी आधी ह्याच सिस्टिमवर होतो. साहेबाला डेमो दाखवतोय, आणि हा बोलतो, थांबा, अपडेट चालू आहे! मी माझ्या सोयीने सगळं लावून ठेवणार, आणि पुढच्या अपडेटला हा परत स्वतःच्या मनाचं करणार. फाईल डिलीट करायला गेलो तर बोलतो, वापरात आहे. अरे, कोण वापरतंय ते तरी सांग! ते नाय सांगणार. वर जाहिराती दाखवणार. आणि कहर म्हणजे ह्याच्यावर मस्त चाललेला प्रोग्रॅम सर्व्हरवर चढवला की तिकडे आडवा, कारण तिकडची सिस्टिम वेगळी. आमचे अर्धे लोक कंटाळून ह्याला सोडून गेले."

मित्रांनो, त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी मान खाली घातली असती, पण मला मान नाही.

"अरे, पण माझं काम करतो ना तो," मावशी म्हणाली. "तेवढं मधेच बंद पडायचं बघ. बास."

"तेच बघतो. हीच सिस्टिम काढून टाकतो. दुसरी टाकतो, हलकी आहे, तुला विचारल्याशिवाय काय करणार नाय."

"माझे अहवाल, पत्रिका राहतील ना रे?"

"सगळं कॉपी करून ठेवतो गं. एक फाईल जाणार नाय."

मावशी निर्धास्त झाली आणि पूजेचं सामान बघायला लालबागला गेली. रूपेशने खरंच एकूण एक फाईल जपून काढून घेतली. आळस केला नाही. मग त्याने मला पुसायला घेतलं. मी विचारलं, नक्की पुसू? त्याने 'होय' दाबलं. मी पुन्हा विचारलं, यातले सगळे प्रोग्रॅम जातील, नक्की? त्याने पुन्हा 'होय' दाबलं. आयुष्यभर मी माणसांना क्षुल्लक गोष्टींसाठी 'नक्की का, नक्की का' विचारत आलो, त्यामुळे ज्या दिवशी माझ्या प्रश्नाला अर्थ होता त्या दिवशी कोणी तो वाचला नाही. तुम्ही म्हणाल, पुसल्यावर तुला हे आठवतं कसं? जे जिव्हारी लागतं ते पुसून जात नाही, एवढंच सांगतो.

मावशी आली तेव्हा मी चकाचक होतो. रूपेशने हौसेने खुर्ची पुढे ओढली. तिने अहवालाची फाईल उघडली. पडद्यावर अक्षरं नव्हती, नुसती गिचमीड होती. तिच्या त्या दादरच्या प्रोग्रॅमखेरीज कोणाला ती अक्षरं वाचता येत नव्हती, आणि प्रोग्रॅम पुसला गेला होता.

"रूपेश, ह्यां काय रे?" मावशी घाबरली की तिच्या तोंडून मालवणी येते.

"थांब, थांब. टाइप तर करून बघ."

तिने टाइप केलं. बोटं सवयीने पळाली आणि भलतीच अक्षरं उमटली. तिच्या कळांची मांडणीही त्या प्रोग्रॅमचीच होती. रूपेशचा चेहरा उतरला. त्याने दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि जुनी प्रणाली परत माझ्यात भरली. प्रोग्रॅमची जुनी सीडी मिळाली, पण तो नव्याने नोंदणी मागू लागला. नोंदणी करून देणारी कंपनी कधीच बंद झाली होती. फोन लावला तर तिथे कुणी शिकवणीवाल्या बाई बोलल्या. अखेर त्याने नवी प्रणालीच पुन्हा भरली. जवळपासची एक मांडणी त्याने शोधून दिली, पण निम्मी अक्षरं भलत्याच जागी होती.

गणपती तोंडावर आले होते. मग रूपेश स्वतः बसला. मावशी हाताने लिहिलेले कागद वाचून दाखवायची आणि तो मोबाईलवर करतात तसं इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवायचा. अहवाल कसाबसा वेळेवर झाला.

मंडळाचे कार्यवाह चिंतामणी काका तो न्यायला आले. "यंदा एवढा उशीर कसा, सुचित्रा?"

"कॉम्प्युटर बसला हो, काका. जुना झाला," मावशी सहज म्हणाली. "रूपेशने रजा टाकून सगळं परत केलं, म्हणून निघाला."

"वा रे पठ्ठ्या! मग शेवटच्या पानावर ह्याचंच नाव टाकतो. आणि सत्कारही करू या. शिकलेली पोरं कुठे करतात रे मंडळासाठी एवढं?"

"काका, ते तसं नाही..." रूपेशने तोंड उघडलं.

"चहा घे आधी, निवतोय," मावशी म्हणाली.

सगळा दोष माझ्या माथी आला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्यातला निम्मा माझाच होता. मी त्या दुपारी गुमान चालू राहिलो असतो तर रूपेशला कोणी बोलावलंच नसतं.

सत्कार मला कर्ण्यावरून ऐकू आला. "मंडळाच्या अहवालावर संकट आलं असताना धावून आलेले आपले रूपेश यांना शाल, श्रीफळ देऊन..." टाळ्या झाल्या. दोन शब्द बोला म्हणून त्याच्या हातात माईक दिला. मग तो "धन्यवाद" म्हणाला, आणि लगेच गाणी लागली.

तो घरी आला आणि शाल स्टुलावर टाकून खाली बसला. मागोमाग मावशी आली.

"मी सांगायला पायजे होतं, मावशी. तोंडच उघडलं नाय माझं."

"कशाला सांगायचं? तू माझ्या चांगल्यासाठीच केलंस ना?"

"तू ओरड ना मला एकदा. प्लीज."

मावशीने सत्काराचा नारळ उचलला आणि कानाशी हलवून पाहिला. "चांगला भरलेला आहे रे. उद्या वड्या करते. तुला आवडतात." रूपेशने गुडघ्यांत डोकं घातलं. मावशी त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

हल्ली तो दर रविवारी येतो आणि तिच्या पत्रिका टाइप करून देतो. घाईत चुका करतो. मावशी त्याच्यासमोर काही बोलत नाही. तो गेला की एका बोटाने एकेक चूक दुरुस्त करत बसते.

मित्रांनो, मला नावं ठेवा, कंटाळा, खुशाल बदला. मी त्याच लायकीचा आहे. पण कुणाचंही यंत्र साफ करायच्या आधी ते वापरणाऱ्या माणसाशेजारी थोडा वेळ बसा, त्याचे हात कसे चालतात ते पाहा. तेवढं झालं असतं तर मावशी आज कळफलकावर वाकून अक्षरं हुडकत बसली नसती. काल तिला 'ज्ञ' सापडला. "मिळाला गो बाय!" म्हणून ती एकटीच शाळेतल्या मुलीसारखी हसली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.