डाव्या खांद्याची बंदूक

मी एक जुनी एकनळी बंदूक आहे. दचकू नका मित्रांनो, रिकामी आहे मी. नगरमधल्या एका गोदामाच्या दारात, स्टुलाशेजारी भिंतीला टेकून उभी असते. येणारा-जाणारा मला बघून आवाज जरा खाली आणतो. आणू दे बापडा! माझ्यात काय उरलंय ते माझं मला ठाऊक.

कारखान्यात माझी नळी घडली आणि मागे लाकडी दस्ता बसला. दस्ता म्हणजे खांद्याला टेकवायचा भाग. तो चार बंदुकांचा असतो तसाच होता, उजव्या खांद्याचा. मला विकत घेतलं जालिंदरनं. हा पलटणीतून पेन्शन घेऊन जामखेडकडच्या आपल्या गावी परतलेला गडी. पलटणीतच दगडाची कपची लागून त्याचा उजवा डोळा गेला होता. गाव खुदुखुदू हसलं. एका डोळ्याच्या माणसाला म्हणे बंदूक! जालिंदर कुणाशी भांडला नाही. मला उचलून तो थेट बन्सी सुताराच्या दारात गेला.

"बन्सी, आता डाव्या डोळ्यानंच नेम धरायचाय. डाव्या खांद्याला बसंल असा दस्ता करून दे."

"दादा, असलं उलटं काम म्या कदी केलं न्हाई."

"मी तरी कुठं डाव्यानं नेम धरलाय? दोघं मिळून शिकू."

मग काय, बन्सी थोडं तासायचा, जालिंदर मला खांद्याला लावायचा, गाल टेकवायचा, मान हलवायचा आणि बन्सी पुन्हा तासायचा. त्या तासण्यानं मी दुखावले नाही हो. उलट कुणीतरी माझ्याशी आपलं माप जुळवून घेतंय, याचा मला अभिमान वाटला.

आमचं काम होतं राखणीचं. ज्वारी हुरड्यावर आली की ओढ्याकडून रानडुकरं शिरायची आणि उभं पीक लोळवायची. रानात मेढी रोवून बांधलेल्या उंच माळ्यावरून जालिंदरचा नेम असा लागायचा की डुकराच्या पुढ्यातली माती उडायची, डुक्कर नाही. जीव घ्यायचा नाही, रान वाचवायचं, हा त्याचा नेम. आजूबाजूच्या चार जणांचं रानही फुकटात राखलं जायचं. तेव्हा "जालिंदरदादा, जालिंदरदादा" करत सगळे यायचे. सुगी घरात गेली, की कोण जालिंदर आणि कोण बंदूक! गरज सरो, वैद्य मरो. एका दसऱ्याला मात्र त्यांना माझी आठवण झाली. चावडीवर शस्त्रपूजेला मला मांडायचं म्हणाले. जालिंदर पांढरे कपडे घालून बुद्धवंदनेला निघाला होता. तो म्हणाला, "कुंकवानं गंज धरतो, पाटील. तिला पूजा नगं, तेल लागतं."

त्याला आबा म्हणणारी दोन लेकरं. थोरली जयमाला, धाकटा योगेश. जयमाला डावखुरी. डाव्या हातानं घास घेतला की आई सुमनबाई हातावर चापट मारायची, शाळेत गुरुजी पट्टी मारायचे. गोफण मात्र ती डाव्यानंच फिरवायची, आणि काय फिरवायची! जालिंदरला दम लागायला लागला तेव्हा त्यानं तिला माळ्यावर बोलावलं आणि मला रिकामी करून तिच्या हातात दिलं. तिचा गाल माझ्या लाकडावर असा टेकला, की जणू बन्सीनं तिचंच माप घेतलं होतं. जालिंदर हसला. म्हणाला, "ही तुझ्याच मापाची हाय बग." पुढच्या दोन सुगी तिनंच राखल्या. तोही शेजारी बसून असायचा, पण बार तिचा.

किल्लारीचा भूकंप झाला त्या साली जालिंदर गेला. मला कुणाच्या नावावर करायचं, हा प्रश्न आला. जयमाला म्हणाली, माझ्या नावावर करा, राखण मीच करते. बाई गं, केवढा गहजब! पोरीच्या नावावर बंदूक? तिला बघायला आलेले पाव्हणे काय म्हणतील? मामा आले, चुलते आले, सगळ्यांनी तिची समजूत काढली. शेवटी तिनं ना हरकत लिहून दिलं. पण आधी योगेशला समोर बसवलं.

"योगेश, लायसन तुझं. पण राखणदार म्हनून माझं नाव घाल, आन् दस्त्याला हात लावू नगंस."

"व्हय आक्का. शप्पत."

शपथेला काय लागतं? जीभ तर लागते! सहा महिन्यांत योगेशला नगरला या गोदामावर नोकरी सांगून आली. स्वतःची बंदूक असलेला रखवालदार पाहिजे होता. साहेबानं सांगितलं, खांद्याला लावून दाखव. योगेशनं मला उजव्या खांद्याला लावलं आणि माझा दस्ता त्याच्या गालफडात रुतला. तिथले चार जण फिदीफिदी हसले. तो तसाच गावाकडे आला, आणि घरात माझ्यावरून जुंपली.

"दस्ता बदलावाच लागंल, आक्का. नोकरीचा सवाल हाय."

"आन् रानाचा? दस्ता बदललास तर सुगीपुरती हितं आणूनबी मला ती धरता यायची न्हाई."

"सुगीला म्हैनाभर रजा काढून मीच येतो की."

सुमनबाई मध्येच म्हणाली, "पोराची नोकरी चाललीय, आन् तुला लाकडाचं पडलंय!"

"लाकडाचं न्हाई आई. डुकरं काय तुज्या लेकाच्या रजंची वाट बघत थांबनार हायेत का?"

पोरीचं कोण ऐकतो? नगरच्या एका मिस्त्रीनं माझा दस्ता उपटला आणि कारखान्यातला नवा, चकचकीत, उजव्या खांद्याचा बसवला. जुना तिथल्याच भंगारात गेला. साहेब खूश झाला. आणि गंमत ऐका मित्रांनो, त्या दिवसापासून आजपर्यंत योगेशनं मला एकदाही खांद्याला लावलेलं नाही. स्टुलावर बसणाऱ्या माणसाला बंदूक शेजारी टेकवावी लागते, एवढंच. त्यासाठी कसला डावा आणि कसला उजवा! चार माणसांच्या हसण्यासाठी माझं वाटोळं केलं त्यानं.

सुगी आली. रजा मिळाली नाही. म्हणजे त्यानं मागितलीच नाही. जयमाला पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन माळ्यावर जात राहिली. एका तिन्हीसांजेला कळप शिरला. डबा वाजवत ती खाली उतरली आणि ज्वारीच्या ताटांतून आडव्या आलेल्या नरानं तिची मांडी फाडली. जामखेडला नेऊन टाके घातले. जीव वाचला. पाय मात्र कायमचा आखडला.

योगेश मला घेऊन धावत आला. तिच्या बाजेशी बसला आणि ढसाढसा रडला. "आक्का, घे ही. नगं मला नोकरी. उद्याच तुज्या नावावर करतो."

ती उठून बसली. तिनं मला डाव्या खांद्याला लावलं. मी जिवाच्या आकांतानं तिच्या मापाची व्हायला बघत होते. पण लाकूड ते लाकूड. नव्या दस्त्याचा उंचवटा तिच्या गालात रुतला, नळी बाजूला गेली. योगेश घाईघाईनं म्हणाला, "उजव्या खांद्यावं धरून बग की, आक्का."

"जल्मभर समद्यांनी मला हेच सांगितलं, उजव्यानं कर, उजव्यानं कर," ती म्हणाली. "एकट्या आबांनी न्हाई सांगितलं." आणि तिनं मला त्याच्या मांडीवर ठेवलं. "जा. डूटीला उशीर हुईल."

आणि तो गेला की हो! मला पाठीला अडकवून सकाळच्या एसटीनं नगरला परत आला. आखडल्या पायानं जयमालाला माळा चढता येईना, म्हणून ओढ्याकडचं ते रान पुढच्या वर्षी पेरलंच नाही.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. आईबापांची वस्तू तुमच्या हाती आली तर ती खुशाल बदला. जालिंदरनंही मला बदललंच होतं, आणि म्हणून तर मी कामाला आले. पण करवत लावायच्या आधी घरात विचारा, की ही वस्तू आज कोण वापरतंय. ज्याच्या नावावर आहे त्याला नव्हे, जो रोज वापरतो त्याला विचारा. आणि त्यानं उत्तर दिलं तर ते ऐका. मला बंदुकीला कळतं ते तुम्हाला कळू नये?

चला, गोदामाचा ट्रक आला. योगेश उठून फाटक उघडतोय. मला इथंच भिंतीशी ठेवून गेलाय.